सिमालेतली नऊ घरं

मनीषा उजागरे झांबियातल्या शाळेत वर्षभर शिकवून घरी आली त्याला आठ दिवस झाले होते, आणि तिच्या आईने, सरलाने, जो प्रश्न विचारायचा तो अजून विचारला नव्हता.

प्रश्न साधा होता. लखनौच्या ज्या मिशन शाळेत मनीषाने तीन वर्षं कंत्राटावर गणित शिकवलं होतं, तिथे आता कायमची जागा निघाली होती. प्राचार्या शिवांगी मसीह यांनी ती सोमवारपर्यंत धरून ठेवायचं कबूल केलं होतं. धरून ठेवा असं सांगायला सरला स्वतः त्यांच्या ऑफिसात गेली होती, मुलीला न विचारता, नोव्हेंबरातच. "येईल ती, मॅडम, क्यों नहीं आएगी," असं बोलूनही आली होती. मनीषाचं परतीचं तिकीट आठ जानेवारीचं होतं. आणि आज शनिवार होता.

न विचारण्यामागे सरलाचा हिशेब होता. सत्तावीस वर्षांत मनीषा कुठल्याही गोष्टीला पहिल्यांदा हो म्हणाली नव्हती. स्कूटी शीक म्हटलं, नाही. बी.एड. कर म्हटलं, नाही. दुसऱ्यांदा विचारलं की बघू, आणि तिसऱ्यांदा विचारलं की निमूटपणे फॉर्म भरायची. सरलाने मनात ठरवून ठेवलं होतं: पहिल्यांदा तिच्या पप्पांनी, विनयनी, विचारायचं, जेवताना, सहज. दुसऱ्यांदा रविवारी चर्चनंतर पाळकसाहेबांनी. आणि तिसऱ्यांदा आपण, सोमवारी सकाळी. घाई करून पहिला नकार फुकट घालवायचा नाही.

मुलगी मात्र आल्यापासून ओळखू येत नव्हती. तब्येत छान होती, उलट दंड भरले होते. पण पहाटे साडेचारला उठून ती बाथरूममधल्या दोन्ही बादल्या, पिंप, वर स्वयंपाकघरातली दोन पातेली भरून ठेवायची. धाकटा मयूर, जो मराठी सगळं समजून उत्तर हिंदीत देतो, रोज सकाळी त्या पातेल्यांना अडखळायचा.

"ताई, पानी कहीं भागा नहीं जा रहा यार. आलमबाग है ये."

"असू दे. सवय आहे."

"और ये फोन? सत्तानवे परसेंट पे कौन चार्ज लगाता है?"

"ज्याच्याकडे वीज जाते तो."

काही द्यायचं झालं, चहाचा कप का असेना, तर ती उजव्या हाताने द्यायची आणि डावा हात उजव्या कोपराला लावायची. दारात कुणी मोठं माणूस आलं की दोन्ही तळव्यांची ओंजळ करून हळूच टाळी वाजवायची आणि गुडघ्यात थोडी वाकायची. खालच्या मजल्यावरच्या तिवारी आंटींना वाटलं, मुलीची कंबर धरली आहे. त्यांनी तेल पाठवून दिलं.

सरला हे सगळं बघत होती आणि स्वतःला समजावत होती की महिन्याभरात जाईल हे. हॉस्टेलवरून आलेल्या मुलांचंही असंच असतं.

शनिवारी त्या दोघी सरोजिनी नगरला मालिनी आणि नंदकुमार देशमुखांकडे गेल्या. नंदकुमार बँकेतून निवृत्त झालेले. दोन्ही घरं मूळची नगरची, लखनौला एकाच साली आलेली, त्यामुळे धर्म वेगळा असला तरी नाताळाच्या करंज्या इकडून तिकडे आणि दिवाळीचं ताट तिकडून इकडे, असं तीस वर्षं चाललेलं. सरलाने डब्यात शंकरपाळे नेले होते. तासभर गप्पा झाल्या, चहा झाला, मग साडेबाराच्या सुमाराला सरला उठली, पर्स खांद्याला लावली, आणि मालिनीकाकू नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "अहो, आता जेवूनच जा ना."

हे वाक्य या घरात तीस वर्षं म्हटलं जात होतं. त्याचं उत्तरही ठरलेलं होतं: नको हो, घरी सगळं झालंय, पुन्हा कधीतरी निवांत. मग मालिनीकाकू एकदा रागवायच्या, सरला एकदा हात धरायची, आणि सगळे दारापर्यंत यायचे.

"चालेल, काकू," मनीषा म्हणाली. "भूक लागलीच आहे. मी हात धुऊन येते."

आणि ती खरंच बेसिनकडे गेली.

मालिनीकाकूंचा हात हवेत तसाच राहिला. सरलाने पर्स खांद्यावरून काढली, पुन्हा लावली. घरात त्या दिवशी सकाळचे दोन फुलके आणि वाटीभर मटारचा निमोना एवढंच होतं, कारण देशमुख मंडळी दुपारी भाच्याच्या घरी जेवायला जाणार होती. सरलाला हे चहा घेताना मालिनीनेच सांगितलं होतं.

"मनू," ती दबक्या आवाजात बेसिनपाशी जाऊन म्हणाली, "काकू आपलं रीत म्हणून म्हणाल्या."

"मग मीही रीत म्हणूनच हो म्हणाले," मनीषा म्हणाली आणि नॅपकिन शोधू लागली.

पुढे पाऊण तास जे झालं ते आठवलं की सरलाच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. कुकर लागला. मटार सोलायला सगळे बसले, नंदकुमारांसकट. भाच्याला फोन गेला की उशीर होईल. मनीषाने ओट्याशी उभं राहून कणीक मळली, पोळ्या लाटल्या, आणि जेवायला बसल्यावर तीनदा भात घेतला, तिन्ही वेळा मागून. मालिनीकाकूंना आधी घाम फुटला होता, पण दुसऱ्या वाढपापर्यंत त्या खुलल्या. लोणच्याची नवी बरणी उघडली गेली.

"तीस वर्षं ही बाई सगळ्यांना जेवून जा म्हणते," नंदकुमार म्हणाले. "आज पहिल्यांदा कुणीतरी तिचं ऐकलं."

"तुम्ही गप्प बसा. मुलगी जेवतेय."

"मी कुठे काय म्हटलं? मी तर तिच्यामुळे दुसऱ्यांदा जेवणार आहे आज."

निघताना मालिनीकाकूंनी मनीषाच्या पाठीवरून हात फिरवला आणि सरलाला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कधी अशा जेवला नाहीत हो माझ्याकडे." त्यात टोमणा होता की नाही, हे सरलाला घरी येईपर्यंत कळलं नाही.

अमौसी स्टेशनपर्यंत ई-रिक्षात ती पर्स घट्ट धरून बसली. मेट्रोत बसल्यावर मात्र तिने तोंड उघडलं.

"लहानपणापासून मी तुला काय शिकवलं होतं?"

"पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून," मनीषाने पाठ म्हणून दाखवलं, "दुसऱ्यांदा विचारतात ते मनापासून, आणि तिसऱ्यांदा प्लेट घेऊनच येतात. तेव्हा घ्यायचं."

"मग?"

"मग काय, आई. त्या शिकवणीने मी तिकडे तीन आठवडे उपाशी होते."

सरलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मेट्रोचा डबा रिकामाच होता, शनिवारची दुपार. खिडकीबाहेर धुक्यात ट्रान्सपोर्ट नगरचे ट्रक रांगेने उभे होते. मनीषा खिडकीकडे बघत, फार महत्त्वाचं नसल्यासारखं सांगत होती.

सिमाले हे गाव चोमा शहरापासून दीड तासावर, आणि तो दीड तास मातीच्या रस्त्याचा. मिशनची मुलींची निवासी शाळा, दोनशे चाळीस मुली, दोन खोल्यांचं मास्तरणीचं घर. मनीषा पोचली त्या आठवड्यात शेजारच्या बायकांनी तिला एकेक करून घरी बोलावलं. तिथली पद्धत अशी: पाहुणा बसला की घरातलं कुणीतरी पाण्याचं भांडं आणि खाली धरायला परात घेऊन येतं, हातावर पाणी घालतं. म्हणजे जेवण तयार आहे. मक्याच्या पिठाचा उकडीसारखा घट्ट गोळा, त्याला न्शिमा म्हणतात, सोबत पालेभाजी, कधी सुकटासारखे बारीक वाळलेले मासे.

"पहिल्या घरी भांडं आलं. मी हात जोडले, हसले, म्हटलं नको नको, मी जेवून आलेय. आणि बसले वाट बघत."

"कसली?"

"दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. वास इतका छान येत होता. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, भांडं उचललं आणि आत घेऊन गेली. झालं. घरी येऊन मी मॅगी खाल्ली."

असं नऊ घरी झालं. नऊ घरी मनीषा हसली, हात जोडले, नको म्हणाली, आणि नऊ घरी पाण्याचं भांडं आत गेलं. ज्यांनी बोलावलं त्यांची गरिबी बघून आपण त्यांच्यावर ओझं होत नाही आहोत, याचं तिला वर समाधानही वाटत होतं. मॅगी बाराव्या दिवशी संपली. चोमाला जाणारी गाडी आठवड्यातून एकदा. शाळेच्या स्वयंपाकघरातून मागायचं तर तिथेही कुणीतरी आधी विचारेल म्हणून ही थांबलेली. बिस्किटं, शेंगदाणे, आईने दिलेला चिवडा.

सरलाला जानेवारीतले ते फोन आठवले. रोज संध्याकाळी साडेआठला, तिकडचे पाच. रोज पहिला प्रश्न एकच, जेवलीस का. रोज उत्तर एकच, हो आई, सगळं छान आहे. आणि सरला फोन ठेवून विनयना सांगायची, पोरगी रुळली बरं का.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारायचीस एकदाच," मनीषा म्हणाली, आणि मग आईचा चेहरा बघून तिने तिचा हात हातात घेतला. "गंमत केली गं. तुला सांगून तू काय केलं असतंस? चर्चमध्ये उपवास-प्रार्थना लावली असतीस."

उपाशी राहण्यापेक्षा वाईट पुढेच होतं. चौथ्या आठवड्यापासून कुणी तिच्या दाराशी येईना. पहाटे बोअरवेलवर पाण्याला जाताना बायका एकमेकींना हाका मारत जायच्या, हिच्या घरासमोर आल्या की आवाज खाली जायचा. वर्गात मुली शिस्तीत बसायच्या, पण एकही प्रश्न विचारायच्या नाहीत. आणि एक दिवस मुख्याध्यापिकेने बोलावून सांगितलं की नव्या शिक्षकाला ठेवायचं की नाही हे एप्रिलमध्ये गावातल्या पालकांच्या सभेत ठरतं, आणि कानावर येतं आहे ते चांगलं नाही.

"शाळेत स्वयंपाक करणारी एक बाई आहे, बिना मुतिन्ता. बिना म्हणजे आई. तिकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, मुतिन्ताची आई. एवढा मोठा हंडा, आणि वल्ह्यासारखा लाकडी चाटू, त्याने ती दोनशे चाळीस मुलींचं घोटते. मी तिच्याकडे गेले. विचारलं, लोक माझ्याबद्दल काय म्हणतात. ती घोटता घोटता म्हणाली, लोक म्हणतात इंडियाची बाई गाडीची वाट बघते आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जो राहायला आला आहे तो जेवतो. ज्याला जायचं आहे तो जेवत नाही."

मनीषाने मग तिला लखनौची सगळी रीत समजावून सांगितली. तकल्लुफ म्हणजे ते संकोचाचं नको-नको काय असतं, आग्रह काय असतो, एक नकार, दुसरा नकार, तिसऱ्यांदा प्लेट. बिना मुतिन्ताने चाटू थांबवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तुमच्याकडे खरंच पोट भरलेलं माणूस ओळखतात कसं?"

मनीषा तो प्रश्न घेऊन आपल्या खोलीवर परतली.

"मग मी काय केलं माहितेय? नऊ दिवस, रोज संध्याकाळी एक घर. जेवायच्या वेळेला दारात उभी राहायचे, टाळी वाजवायचे आणि म्हणायचे, मी जेवायला आलेय. न बोलावता."

"अगंबाई," सरला म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे ते दृश्य आलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

"पहिल्या घरची बाई एक मिनिट नुसती बघत राहिली. मग तिने पाण्याचं भांडं आणलं. इतका गोळा वाढला आई, की मला उठता येईना. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात येऊन तिने हाक मारली, पाण्याला चल."

त्यानंतरचं सरलाला तुकड्यातुकड्याने माहीत होतं, फोनवरून, पण आता ते एका रांगेत लागलं. पहाटेचं बोअरवेल, आणि डोक्यावर कॅन घेता येत नाही म्हणून मुलींनी हिच्यासाठी जोडलेली दोन चाकांची गाडी. बावन्न मुलींचा वर्ग, ज्यात मक्याचे दाणे मोजून अपूर्णांक शिकवायचा, आणि तास संपला की दाणे भाजून खायचे. त्या दुष्काळी साली वीज दिवसातून चार तास यायची, कधी येईल ते कुणाला ठाऊक नसायचं, म्हणून आली की सगळ्यांनी आधी फोन लावायचे. परसात पालेभाजीचे तीन वाफे. दोन कोंबड्या, त्यातली एक शाळेच्या घंटेखाली बसून अंडी देणारी. एप्रिलच्या सभेत काय झालं, ते मनीषाने एका वाक्यात सांगितलं: मुख्याध्यापिकेने विचारायच्या आधीच मागून कुणीतरी ओरडलं की ती आमच्याकडे जेवते, तिला कुठे पाठवता.

सिंगार नगर गेलं. आलमबाग आलं. जिना उतरताना सरलाच्या लक्षात एक गोष्ट आली.

या मुलीचा नकार आता खरा नकार असतो. तिचा हो जसा खरा असतो, तसाच. म्हणजे तीन वेळा विचारायची सोय राहिली नाही. आपल्याकडे एकच वेळ आहे.

घरी आल्याबरोबर तिने विनयना स्वयंपाकघरात बोलावलं. विनय उजागरे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कुठल्याही सूचनेकडे ब्रेकच्या पट्टीकडे झीज तपासत बघावं तसं बघणारे.

"तुम्ही तिला नोकरीचं विचारू नका आज."

"तूच म्हणालीस विचारा. मी पाठ करून ठेवलंय."

"विसरा आता. पाळकसाहेबांनाही फोन करून सांगा, काही बोलू नका म्हणून."

"मग कोण विचारणार?"

"मी. एकदा."

विनयनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. लग्नाला तीस वर्षं झाली, तिने कुठलीही गोष्ट एकदा विचारलेली त्यांना आठवत नव्हती.

त्या रात्री सरला लवकर झोपली आणि पहाटे साडेचारला बादल्यांच्या आवाजाने जागी झाली. अंथरुणात पडून तिने प्रश्न जुळवायला घेतला. शिवांगी मॅडम किती चांगल्या आहेत, तिथून सुरुवात करावी? की पप्पांच्या बीपीपासून? मग तिला जाणवलं, की एकच घास द्यायचा असेल तर त्यात मीठ-तिखट कालवून चालणार नाही. खाणाऱ्याला कळलं पाहिजे, काय वाढलंय ते.

रविवारी चर्चनंतर करंज्या करायच्या होत्या. उजागऱ्यांकडे नाताळाच्या करंज्या चार दिवस आधी होतात, नगरला व्हायच्या तशाच, ओल्या नारळाच्या नाहीत तर खोबरं-खसखशीच्या, टिकणाऱ्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. सरला लाटत होती, मनीषा सारण भरून मुरड घालत होती. विनय दार लोटून बाहेर पेपर वाचत होते, म्हणजे कान इकडेच होते. मयूर भरलेल्या ताटातून कच्ची करंजी उचलायला आला आणि हाकलला गेला.

सरलाने लाटणं बाजूला ठेवलं.

"मनू. शाळेत कायमची जागा आहे, शिवांगी मॅडमच्या. मीच त्यांना जागा धरून ठेवायला सांगितलंय, तुला न विचारता, ते माझं चुकलं. उद्यापर्यंत सांगायचंय. मला वाटतं तू इथे राहावंस. राहशील?"

मनीषाची बोटं मुरडीवर थांबली. तिने करंजी पुरी केली, टोक दाबलं, ताटात ठेवली. मग हात पुसले. तिला उत्तर माहीत होतं आणि तरी ती विचार करत होती, आईच्या प्रश्नाला तेवढा वेळ दिला पाहिजे म्हणून करत होती, हे सरलाला दिसलं.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला परत जायचंय. अजून दोन वर्षं तरी. मला तिथलं काम जमतंय. म्हणजे खरंच जमतंय, आई. बावन्नपैकी एकोणचाळीस मुली गणितात पास झाल्या. आधी अकरा व्हायच्या."

सरलाने तोंड उघडलं. दुसरं वाक्य जिभेवर तयार होतं. तयार कसलं, ते आपोआपच यायचं, गेली कित्येक वर्षं यायचं: अगं पण नीट विचार तर कर. त्याच्यामागे तिसरं उभं होतं, पप्पांच्या बीपीचं. बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं होतं.

तिने तोंड मिटलं. लाटणं उचललं. एक पुरी लाटली, जरा जास्तच पातळ, ती गोळा करून पुन्हा लाटली.

"तिकडे नेल्या तर किती दिवस टिकतील या?"

मनीषाने आईकडे बघितलं. ती दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत होती, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तो आला नाही. खांदे हळूहळू खाली आले.

"महिनाभर टिकतील. पण राहणार नाहीत तेवढ्या."

"किती माणसं धरायची?"

"नऊ घरं," मनीषा म्हणाली. "आणि बिना मुतिन्ता."

"मग हे सारण पुरणार नाही. अहो, दार लोटून ऐकताय ते पुरे, जाऊन किलोभर खोबरं आणा."

सोमवारी सकाळी सरलाने शिवांगी मॅडमना फोन केला. मॅडम अस्सल लखनौच्या. त्या म्हणाल्या, "अरे सरलाजी, आप एक बार फिर बात करके देखिए." सरला म्हणाली, नाही मॅडम. मॅडम म्हणाल्या, "जनवरी तक रोक लेती हूँ, बच्ची है, मन बदल जाएगा." सरला म्हणाली, नको, दुसऱ्या कुणाला तरी द्या, तिचं ठरलंय. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की समोरच्या माणसाला दोनदा सरळ नाही म्हणून आपण जिवंत आहोत, आणि मॅडमही रागावल्या नाहीत.

नाताळाच्या दिवशी दुपारी, मंडळी जेवून उन्हात गच्चीवर बसली असताना, मनीषाचा फोन वाजला. सिमालेत वीज आली होती. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग एक कोंबडी, मग रुंद चेहऱ्याची, डोक्याला फडकं बांधलेली एक बाई. मागे दहा-बारा जणींची गर्दी. मनीषा त्यांच्या भाषेत भराभर बोलू लागली, इतकी भराभर की सरलाला आपल्या मुलीचा आवाज नवा वाटला. मग तिने फोन आईच्या हातात दिला.

"बिना मुतिन्ता आहे. तुला भेटायचंय म्हणते."

सरलाने पदर सारखा केला. काय करावं न सुचून तिने फोन मांडीवर ठेवला, दोन्ही तळव्यांची ओंजळ करून हळूच टाळी वाजवली आणि मान वाकवली. पलीकडून एकदम हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज आला.

"बिना मनीषा," ती बाई म्हणाली, आणि मग हळू इंग्रजीत, शब्द वेगळे करत, "तू तुझी मुलगी आम्हाला परत देते आहेस. आता तू माझ्या घरी जेवायला ये."

सरलाच्या तोंडात वाक्य तयार होतं. येऊ की, नक्की येऊ कधीतरी, देवाची इच्छा असली तर. याचा अर्थ काय होतो ते आलमबागपासून चौकापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. ते तोंडातून निघायच्या आत तिला मालिनीच्या घरातला कुकर आठवला, आणि खुलत गेलेला मालिनीचा चेहरा.

"येते," ती म्हणाली.

"कधी?" बिना मुतिन्ताने विचारलं.

सरलाने मनीषाकडे बघितलं. मनीषा मदत करायच्या विचारात नव्हती. ती संत्रं सोलत होती. मयूरने मात्र फोनमध्ये कॅलेंडर उघडलं होतं. "अगस्त में छुट्टी होती है उनकी, मम्मी."

"ऑगस्टमध्ये," सरला म्हणाली.

पलीकडे बिना मुतिन्ताने मागे वळून काहीतरी मोठ्याने सांगितलं. गर्दीतून कुणीतरी उत्तर दिलं. मनीषा हसायला लागली.

"काय म्हणतात?"

"ती म्हणते, ऑगस्टसाठी एक कोंबडी आजपासून वेगळी ठेवा."

वीज गेली असावी, कारण चेहरा तिथेच थिजला आणि पडदा काळा झाला. मग विनयनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सरला, तुझा पासपोर्ट नाहीये."

"माहितेय," सरला म्हणाली. "तुमचाही नाहीये. मयूर, तो फॉर्म कुठे मिळतो बघ."

"ऑनलाइन है, मम्मी. सच में भरना है?"

"एकदा सांगितलं ना," सरला म्हणाली, आणि संत्र्याची फोड घ्यायला हात पुढे केला, मनीषाने विचारायच्या आधीच.